रंगाची पारख

नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं, की नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूरला वळायचा फाटा लागतो. तिथंच घोडेगाव. घोडेश्वरी देवीचं गाव म्हणून पंचक्रोशी त्याला ओळखते, आणि लांबचे लोक ओळखतात ते शुक्रवारच्या जनावरांच्या बाजारामुळे. त्या दिवशी पहाटेपासून टेम्पो लागतात, म्हशी उतरतात, दावणी भरतात आणि उजाडायच्या आत भाव सुरू होतात.

या बाजारात आबांच्या शब्दाला वजन होतं. आबा व्यापारी नव्हते, दलालही नव्हते. त्यांची शेती होती, कांदा होता, गोठ्यात चार म्हशी होत्या. पण गावात कुणाला म्हैस घ्यायची असली, की तो आबांना बरोबर घेऊन जायचा. विकणाऱ्यानं जनावर धुऊन-पुसून उभं केलेलं असायचं. शिंगांना रंग, गळ्यात नवा गोंडा, अंगाला तेलाचा हात. घेणाऱ्याची नजर तिथंच अडकायची. आबा मात्र जनावराकडे बघायच्या आधी घेणाऱ्यालाच विचारायचे, “धार कोण काढणार? तू का तुझी आई? वैरण घरची का विकतची? गोठ्याला सावली आहे का? दूध डेअरीला घालायचं का पोरांना?” ही उत्तरं मिळाली, की मग ते म्हशीचे दात बघायचे, सड चाचपायचे, तिला चार पावलं चालवायचे आणि दोन्ही वेळची धार डोळ्यांदेखत काढायला लावायचे.

एकदा एक तरुण वैतागून म्हणाला होता, “आबा, म्हैस चांगली का वाईट तेवढं सांगा की. माझीच चौकशी काय करता?”

आबा म्हणाले होते, “बाजारातली चांगली म्हैस मला दिसतीये रे. तुझ्या दावणीला कुठली चांगली, ते तुला विचारल्याशिवाय कसं कळणार?”

असे हे आबा. पण माणसाची पारख एका कामात पक्की असली, तरी दुसऱ्या कामात ती आपोआप उतरत नाही. घराला रंग द्यायची वेळ आली आणि त्याचा प्रत्यय सगळ्या घराला आला.

मधल्या मुलाचं लग्न वैशाखात ठरलं होतं. लाल कांद्याला बरा भाव मिळाला होता. होळी तोंडावर आली होती. म्हणजे पाऊस लांब, भिंती कोरड्या, रंगाला हाच हंगाम. घर तसं दोन काळांचं होतं. मागचं माजघर आबांच्या वडिलांनी बांधलेलं, हातभर जाडीच्या मातीच्या भिंतींचं, वर माळवद. पुढच्या तीन खोल्या अलीकडच्या, विटा-सिमेंटच्या, स्लॅबच्या. या दोन्हींना जोडणारा एक अरुंद बोळ होता. माजघरातून निघायचा, न्हाणीपाशी संपायचा, आणि शेवटाला एक पायरी खाली होती.

माजघरात आबांची आई राहायची. वय ऐंशीच्या घरात. एका डोळ्याची नजर काचबिंदूनं गेलेली, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकत आलेला. ऑपरेशनचं नाव काढलं की ती म्हणायची, “नातवाचं लगीन होऊ द्या, मग न्या कुठं न्यायचं तिथं.” कधीकाळी ती नेवाशाला पैस खांबाच्या दर्शनाला पायी जायची. आता घरातल्या घरात फिरायची, तेही बेतानं. पण कुणाचा हात धरायची नाही.

रंगाचं ठरलं, आणि जो येईल तो सल्ला देऊ लागला. आबांचे साडू म्हणाले, दिशा बघून रंग द्या, उगाच मनाला येईल तसं करू नका. शेजारच्यांनी आपल्या केशरी-जांभळ्या बंगल्याकडे बोट दाखवलं. नव्या सुनेच्या माहेरून निरोप आला, की पोरीला फिकट गुलाबी आवडतो. दुकानदारानं जाडजूड शेडकार्ड हातात दिलं. त्यात एकट्या पांढऱ्याच्याच कितीतरी छटा. आबांच्या पत्नी माईंनी दोन पानं उलटली आणि मिटून ठेवलं.

शेवटी थोरल्यानं सूत्रं हातात घेतली. तो चाकणला कंपनीत नोकरीला होता. रंगाचा खर्च तो स्वतःच्या बचतीतून करणार होता आणि पाहुण्यांपुढं घर उठून दिसावं ही त्याची मनापासूनची इच्छा होती. पुण्यातल्या नव्या फ्लॅटचे फोटो त्यानं मोबाइलवर जमवले होते. त्यातून त्यानं राखाडी रंगाची एक हलकी शेड निवडली. भिंतींना तीच, चौकटींना तीच, दारांनाही तीच. फरशी आधीच पांढरट राखाडी होती. “सगळं एकसंध दिसतं, खोली मोठी वाटते. सध्या असंच चालतं,” तो म्हणाला. कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. घरातल्या सगळ्यांना दाखवून झालं होतं. आजीला फोटो दाखवून काय उपयोग, म्हणून तिला कुणी दाखवला नव्हता.

कामाला पेंटरमामा आले. साठी उलटलेला माणूस. पोरवयात त्यांनी पोळ्याला बैलांची शिंगं रंगवण्यापासून सुरुवात केली होती. मग दुकानांच्या पाट्या, ट्रकचे फाळके, मग घरं. एशियन पेंट्सच्या डब्यावर हातात ब्रश घेतलेला खट्याळ पोरगा असायचा, आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढलेला गट्टू. तो डबा बघून आपणही असाच ब्रश धरायचा असं ठरवल्याचं मामा सांगायचे. चुना, डिस्टेंपर, ऑइल पेंट, मग इमल्शन आणि आता दुकानातलं मशीन, जे पांढऱ्या बेसमध्ये मोजून थेंब सोडतं आणि हवी ती शेड काढून देतं. हे सगळं त्यांच्या हाताखालून गेलं होतं.

थोरल्यानं शेडचा नंबर पुढं केला. मामांनी तो वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, “आधी घर बघू दे.”

ते एकेक खोली फिरले. भिंतींना हात लावत, कुठं नखानं खरवडत, कुठं वास घेत. माजघरात जमिनीलगत वीतभर उंचीपर्यंत पोपडे सुटले होते आणि त्यावर पांढरी बुकटी धरली होती. बोटानं ती पुसून मामा म्हणाले, “लोणा हाये. मातीची भिंत जमिनीतली ओल ओढती. तिला ती बाहेर टाकायला वाट पाहिजे. ऑइल पेंट फासला तर ओल आत कोंडंल आन् दोन पावसाळ्यांत फुगवटे येतील. या खोलीला चुनाच बरा.”

गोठ्याच्या बाजूच्या जुन्या हिरव्या दारापाशी ते थांबले. रंगाचे तीन-चार थर, कडेला सुटलेल्या खपल्या. “हा जुना रंग कोरडा घासायचा न्हाई. पाणी मारून, खाली कागद टाकून काढायचा. जुन्या ऑइल पेंटात शिसं असायचं. खपल्या गव्हाणीत पडल्या तर म्हशी चाटतात, आन् शिसं पोटात गेलं की जनावर हातचं जातं. रांगतं पोरगं असलं तर त्यालाही तोच धोका.” मामांचं बोलणं अगदी खरं होतं. घरगुती रंगांत दहा लाख भागांमागे शिशाचे ९० पेक्षा जास्त भाग असू नयेत, हा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या थरांचा भरवसा कुणी देऊ शकत नाही.

मग मामा बोळात आले आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले. डाव्या हाताच्या भिंतीवर, कमरेच्या जरा वर, एक कळकट पट्टा उमटला होता. माजघराच्या चौकटीपासून न्हाणीच्या चौकटीपर्यंत सलग. मध्ये कुठं तुटलेला नाही, फार वर-खाली झालेला नाही.

“हा पट्टा कुणाचा?” त्यांनी विचारलं.

“आजीचा,” मधला म्हणाला. “भिंत धरून जाते ना ती. तेवढा आधी घालवा मामा, फार घाण दिसतो.”

मामा हं म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत. त्यांनी विचारायला सुरुवात केली. रात्री इथून किती वेळा जातात त्या? दिवा कुठला लावता, पांढरा का पिवळा? माजघराची खिडकी उत्तरेला आहे ना? ही खालची पायरी नव्या माणसाला दिसते का? पुढच्या खोलीत संध्याकाळचं ऊन थेट येतं, तिथं कोण बसतं? स्वयंपाक गॅसवर का अजून चूलही पेटते?

थोरला हसून म्हणाला, “मामा, प्रश्न आम्ही विचारायचे का तुम्ही?”

दाराशी बसलेल्या आबांनी मान वर केली. हे वाक्य आपण पूर्वी कुठंतरी ऐकलंय असं त्यांना वाटलं. पण तेव्हा ते काही बोलले नाहीत.

मामांनी वाद घातला नाही. ते एवढंच म्हणाले, “शेड तुमची, पैसे तुमचे. पण शेडकार्डावरचा तुकडा पोस्टाच्या तिकिटाएवढा असतो. तोच रंग चारी भिंतींना लागला, की एकीचा उजेड दुसरीवर पडतो आन् रंग आहे त्याहून गडद वाटाया लागतो. उत्तरेच्या उजेडात राखाडी निळा पडतो, मावळतीच्या उन्हात पिवळा. मोबाइलात तर प्रत्येकाचा वेगळाच. म्हणून आधी एक बोळ करू. दोन दिवस त्यात वावरा. मग पुढचं.”

थोरल्याला ते पटलं. बोळ घासला गेला, पुट्टी भरली, प्रायमर लागला, राखाडीचे दोन हात झाले. चौकटीही त्याच रंगाच्या झाल्या. काळा पट्टा गेला. बोळ खरोखरच स्वच्छ आणि मोठा दिसू लागला. सगळ्यांनी वाखाणलं. माईंनी सासूबाईंना सांगितलं, “आई, भिंतीला हात नका लावू बरं. नवा रंग आहे, डाग पडतो.”

आजी म्हणाली, “न्हाई लावत.”

त्या रात्री मधल्याला जाग आली. बोळातला दिवा चालू होता. आजी माजघराच्या तोंडाशी उभी होती. एक हात पुढं, हवेत. भिंतीपासून चार बोटांवर, पण भिंतीला टेकलेला नाही. पाऊल उचलायची आणि पुन्हा मागं घ्यायची.

“आजी, काय झालं?”

“न्हाणीचं दार कुठं गेलं रे? समदं एकच दिसतंय.”

त्यानं तिला हात धरून नेलं. पायरी आली तेव्हा त्यानं सांगितलं, तरी तिचं पाऊल चुकलं. त्यानं सावरलं म्हणून ती पडली नाही. पण ज्या वाटेनं ती इतकी वर्षं एकटी जात होती, त्या वाटेवर तिला पहिल्यांदा दुसऱ्याचा हात लागला. परत येताना ती म्हणाली, “उद्यापासून रातच्याला पाणीच पीत न्हाई मी. कुणाची झोप मोडाया नको.”

सकाळी मधल्यानं हे सांगितलं, तेव्हा घरात कुणी बोलेना. आबांची धाकटी लेक होळीच्या सुट्टीला घरी आली होती. ती लोणीला नर्सिंग शिकत होती. ती उठली आणि तिनं मोबाइलवर बोळाचा फोटो काढला. मग तो काळा-पांढरा करून थोरल्यापुढं धरला.

“दादा, यात दार कुठाय दाखव.”

थोरल्यानं पाहिलं. भिंत, चौकट, दार, फरशी सगळं एकाच राखाडीत मिसळून गेलं होतं. पायरीची कड तर शोधूनही सापडत नव्हती.

“आजीला हे असं दिसतं,” ती म्हणाली. “वय झालं की डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं. साठीच्या माणसाच्या डोळ्यात विशीतल्या माणसाच्या मानानं साधारण एक तृतीयांश उजेड आत पोचतो. आजी तर ऐंशीची, वर मोतीबिंदू. निळा आणि हिरवा तिला वेगळे ओळखू येत नाहीत. चकचकीत पांढऱ्यावर दिव्याचा उजेड पडला की तिचे डोळे दिपतात. तिला वस्तू कळते ती गडदाशेजारी फिकट आलं तर. काचबिंदूतही गडद-फिकट ओळखायची ही ताकद लवकर कमी होते. पुण्याच्या स्टेशनवर फलाटाच्या कडेला खडबडीत पिवळ्या फरश्यांचा पट्टा असतो ना, तो शोभेसाठी नसतो. तशा फरश्या पहिल्यांदा बसल्या जपानमध्ये, ओकायामा शहरात, १९६७ साली. अंध माणसाच्या पायाला त्या कळाव्यात आणि अधू नजरेला पिवळा दिसावा म्हणून. आपण आपल्या घरातली सगळी कडच पुसून टाकली.”

थोरला खाली मान घालून ऐकत होता. त्याच्या मनात खोट नव्हती. त्यानं घरासाठीच सगळं केलं होतं. फक्त घर म्हणताना त्याच्या डोळ्यांपुढं लग्नाला येणारे पाहुणे होते. रोज त्या बोळातून जाणारी माणसं नव्हती.

तेवढ्यात पेंटरमामा आले. त्यांना कुणी काही सांगायच्या आधीच त्यांनी बोळाकडे पाहिलं, मग आजीकडे. “आजी, जरा बसता का हितं? मला तुमची मदत लागतीये.”

आजीला नवल वाटलं. “मला काय दिसतंय बाबा रंगातलं?”

“म्हणून तर तुम्हालाच विचारायचं.”

मामांनी पुठ्ठ्याचे मोठाले तुकडे आणले होते. प्रत्येकाला वेगळा रंग दिलेला. त्यांनी आजीला माजघरात तिच्या रोजच्या जागेवर बसवलं आणि न्हाणीच्या चौकटीशेजारी एकेक तुकडा उभा करू लागले. आकाशी धरला. आजी म्हणाली, “काहीतरी हाये, पर भिंतीसारखंच.” पोपटी धरला. “हा मगाचाच न्हवं का?” फिका गुलाबी तिला कळलाच नाही. मग मामांनी गेरूच्या जातीचा तांबडा धरला. आजीनं ताबडतोब बोट केलं, “ही चौकट. आमच्या सासऱ्यांच्या टायमाला अशीच व्हती.” पायरीच्या कडेवर हळदीसारखा पिवळा ठेवला. “तिथं खाली काय ठिवलंय पिवळं?”

मामांनी हाच खेळ सकाळी केला, दुपारी केला आणि रात्री दिवा लावून पुन्हा केला. तुकडे धरताना ते प्रत्येकाला सांगत होते, “डोळे किलकिले करून बघा. किलकिले केल्यावर पण चौकट वेगळी दिसली पाहिजे.” बोळातला दिवा पांढराधोप होता. दिव्याच्या खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेलं होतं. मामांनी २७०० चा पिवळसर आणायला लावला. त्या उजेडात तांबडा आणखी उठून आला. “दिवा आधी ठरवायचा, रंग मग. दुकानातल्या ट्यूबखाली जुळलेला रंग घरच्या दिव्याखाली जुळंलच असं न्हाई.”

“आणि तो पट्टा?” मधल्यानं विचारलं. “आजी हात लावणारच. तिथं पुन्हा काळं होणार.”

“होऊ द्यायचं,” मामा म्हणाले. “म्हणजे असं, की आपणच तिथं पट्टा काढू. हाताच्या उंचीला, वीतभर रुंद, धुता येईल असा ऑइल पेंट, विटकरी रंगाचा. माजघरापासून न्हाणीपर्यंत सलग, तिनं आखलाय तसाच. वरची-खालची भिंत फिक्या पिवळसर रंगात, बिनचमकीची. हात ठिवायला जागा बी कळंल आन् डाग बी दिसणार न्हाई. अहो, तुम्ही मला रंग निवडायला बोलावलं खरं, पर या घरात रंग कुठं पाहिजे ते कुणीतरी आधीच लिहून ठिवलं व्हतं. तेच आपण पुट्टीखाली गाडलं.”

आता आबा उठले. इतके दिवस ते या कामात पडले नव्हते. रंग हे आपलं क्षेत्र नाही असं त्यांनी धरून ठेवलं होतं. ते मामांच्या जवळ आले आणि म्हणाले, “मी बाजारात शिंगांचा रंग बघून म्हैस घेऊ नका म्हणून लोकांना सांगत आलो. आन् माझ्याच घरात आम्ही शिंगांचा रंग बघत बसलो. तू परवा विचारत व्हतास ते सगळे प्रश्न माझे व्हते. धार कोण काढणार, दावण कुठं हाये. मला ते ओळखू यायला पाहिजे व्हते.”

पुढचं काम मग वेगळ्याच रीतीनं झालं. प्रत्येक खोलीपुढं उभं राहून घरातली माणसं आधी हे बोलायची, की इथं कोण असतं, कधी असतं आणि काय करतं. माजघराला चुना ठरला. आजीला चुन्याची सगळी रीत तोंडपाठ होती. कळीचा चुना आदल्या दिवशी पाण्यात विरवायचा, उकळी बसेपर्यंत पोरांना लांब ठेवायचं, गाळून घ्यायचा, त्यात डिंक आणि मीठ घालायचं, आणि पिवळेपणा मारायला नीळ, पण चिमटीभरच. ती बसल्या जागेवरून सांगत होती आणि मामांची तरुण पोरं ऐकत होती. त्यांनी आयुष्यात डब्याचं झाकण उघडण्यापलीकडे रंग बनवलेला नव्हता.

संध्याकाळच्या उन्हाच्या खोलीत पिवळा नको, कारण तिथं दुपारनंतर आधीच सगळं पिवळं होतं, म्हणून शांत फिकट हिरवा आला. स्वयंपाकघरात चुलीच्या बाजूला धुता येणारा रंग आला. नव्या सुनेला मोबाइलवर फोटो पाठवून तिची गुलाबी विचारून घेतली. तिची खोली तिच्या मनासारखी झाली. आणि थोरल्याची राखाडीही वाया गेली नाही. दक्षिणेकडच्या, भरपूर उजेडाच्या खोलीत मामांनी तीच शेड लावली, चौकट तेवढी गडद ठेवली. तिथं ती खरोखर देखणी दिसली. रंगात दोष नव्हताच, फक्त त्याची जागा चुकली होती.

लग्नाच्या दिवशी घर माणसांनी भरून गेलं. पाहुण्यांनी घराचं कौतुक केलं. पण घरच्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. एवढ्या गर्दीत आजी दिवसभरात कितीदा तरी बोळातून गेली आणि आली. प्रत्येक वेळी एकटी. पायरीपाशी ती थांबायची, पिवळी कड बघायची आणि उतरायची. तिला कुणाला हाक मारावी लागली नाही.

लग्नानंतर तिनं दिलेला शब्द पाळला. नातीनं तिला लोणीला नेलं, मोतीबिंदू निघाला. घरी आल्यावर थोरल्याच्या खोलीत जाऊन तिनं भिंत जवळून पाहिली आणि म्हणाली, “हिच्यात निळी झाक हाये की रे. चांगला हाये तुझा रंग.” निळा रंग तिच्या त्या डोळ्यात कित्येक वर्षांनी पोचला होता. तरी दुसरा डोळा अधूच होता, त्यामुळे बोळातला पट्टा आणि पायरीची कड तशीच राहिली. पुढं असं झालं, की अंधारात न्हाणीकडे जाताना तरुण माणसंही नकळत त्या पट्ट्यावर हात ठेवू लागली. लहान मुलं घरी आली की त्यांचीही पायरी चुकेनाशी झाली. एका अधू डोळ्यासाठी केलेली सोय सगळ्यांच्या उपयोगी पडली.

गावात बोलबाला झाला. लोक आबांकडे येऊन शेडचा नंबर मागू लागले. आबा नंबर द्यायचे, पण त्याआधी विचारायचे, “तुझ्या घरात सगळ्यांत कमी कुणाला दिसतं? रात्री-अपरात्री कोण उठतं? जुन्या भिंतीवर हाताचे डाग कुठं पडलेत?” काहींना हे प्रश्न आवडायचे नाहीत. त्यांना फक्त नंबर हवा असायचा. जे थांबून उत्तर द्यायचे, त्यांना बहुधा त्या नंबराची गरजच उरत नसे. आपला रंग त्यांना उत्तर देता देता सापडायचा.

तात्पर्य हे, की घराला रंग देताना सल्ला जरूर घ्यावा. पण जो उत्तर घेऊनच दारात येतो त्याचा सल्ला दुसऱ्याच्या घरासाठी असतो, आणि जो आधी विचारतो त्याचा आपल्या घरासाठी. आणि विचारण्याचा पहिला मान द्यावा तो घरातल्या सगळ्यांत अधू माणसाला. ज्याला सगळं दिसतं त्याला कुठलाही रंग चालतो. ज्याला थोडंच दिसतं, त्याचं चालणं-फिरणं त्या रंगावर अवलंबून असतं. वाडा असो की दोन खोल्या, निर्णय रंगाचा असो की घराचा दुसरा कुठलाही, ही रीत मोडू नये. आपल्याकडे ज्येष्ठांना मान देतात तो पाया पडून. त्याबरोबर त्यांचं मतही घेतलं, तर तो मान पुरा होतो.